इमिटेटर बेडकांच्या पिल्लांचे काडीपाय: दोष आईत की कपात?

इमिटेटर हा विषारी डार्ट फ्रॉगांच्या कुळातला बोटाच्या पेराएवढा बेडूक. हौशी लोक तो काचेच्या टाकीत पाळतात, आणि बरेच जण त्याची अंडी उचलून टॅडपोल पाण्याच्या छोट्या कपांत वाढवतात. अंडी व्यवस्थित फुटतात, टॅडपोल खाऊन-पिऊन वाढतात, मागचे पाय वेळेवर येतात आणि चांगले भरतात. मग पुढचे पाय बाहेर पडतात आणि ते काडेपेटीतल्या काडीसारखे निघतात: बारीक, ताठ, कोपरात न वळणारे. कधी एकच निघतो, कधी दोन्ही कातडीखालीच राहतात. पाण्याबाहेर आलेलं पिल्लू हनुवटीवर आपटतं, छाती उचलायला जातं, पुन्हा आपटतं. शेपटी जिरेपर्यंत ते तिच्यातल्या साठ्यावर तग धरतं. नंतर भूक लागते, समोरून स्प्रिंगटेल (खायला सोडलेला बारीकसा किडा) चालत जाताना दिसते, पण झेप घ्यायला पाय नसतात.

असं एखाददुसरं पिल्लू कुणाकडेही निघतं. त्याच्यामागे लागू नका. एकाच जोडीची ओळीने तीन-चार पिल्लं अशी निघाली, किंवा एका फळीवरच्या बऱ्याच कपांत हा प्रकार दिसला, थांबला आणि चार-सहा महिन्यांनी परत आला, तर पुढचं वाचा.

ही तक्रार परत परत का येते, याचं माझ्या मते एक साधं कारण आहे. पहिलं वाईट पिल्लू दिसलं की माणूस घाबरून सगळंच बदलतो. बेडकांच्या खाण्याला लावायची नवी व्हिटॅमिन-पावडर आणतो, पाणी बदलतो, टॅडपोलच्या पाण्यात बी-व्हिटॅमिनचे थेंब टाकतो, बदामाची पानं घालतो, कप दुसऱ्या खोलीत हलवतो. दोन-तीन महिन्यांनी पिल्लं बरी निघतात. कशामुळे, ते मात्र कळलेलं नसतं. हळूहळू पावडर जुनी होते, हवा बदलते, आणि काडीपाय परत हजर. तेव्हा औषधाआधी एकच गोष्ट ठरवायची: बिघाड आईच्या अंगात आहे की तुमच्या कपात? इमिटेटर बेडूक पाळणाऱ्यांचं नशीब असं की या प्रश्नाचं उत्तर हे बेडूक स्वतःच देऊ शकतात. टिंक्टोरियससारख्या मोठ्या जातीत ही सोय नाही.

आधी हे काडीपायच आहेत ना ते बघा

पुढचे पाय टॅडपोलच्या कल्ल्यांवरच्या कातडीखाली तयार होतात आणि सगळ्यात शेवटी बाहेर पडतात. दोन्ही एकदम येत नाहीत. एक आधी येतो, दुसऱ्याला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. म्हणून एक हात असलेलं पिल्लू दिसलं की लगेच घाबरू नका. कप उजेडासमोर धरून बाजूने बघा. कातडीखाली कोपराचा जाड फुगवटा दिसत असेल, आतून ढकलाढकली चालली असेल, तर थांबा. फुगवटाच नसेल किंवा आत सुतासारखी रेघ दिसत असेल, तर ते काडीपाय.

दुसरा गोंधळ हाडांच्या आजाराचा. पिल्लू निरोगी पायांनी बाहेर आलं, काही आठवडे उड्या मारत फिरलं आणि मग पाय थरथरायला लागले, जबडा मऊ पडला, बोटं आखडली, तर तो कॅल्शियम आणि डी-३ कमी पडल्याचा वेगळा त्रास आहे. त्यावर वेळेत उपाय होतो. काडीपायांवर होत नाही. पाय घडायची वेळ एकदाच येते.

तिसरं म्हणजे नुसतं बुडणं. पाय चांगले, पण कपाला उतार नाही, धरायला शेवाळाचा गोळा नाही. पिल्लू सकाळी पाण्यात मेलेलं सापडतं आणि दोष पायांना जातो. पुढचे पाय दिसले की पाणी कमी करा आणि कप तिरका ठेवा. संपलं.

या जातीची राहणी, कारण उत्तर तिच्यात आहे

रॅनिटोमेया इमिटेटर हा पेरू देशातला. सान मार्तिन आणि लोरेतो या भागांत, तारापोतो शहराच्या आसपासच्या डोंगरउतारांवर आणि खालच्या जंगलात तो राहतो. पूर्ण वाढलेला बेडूकही जेमतेम दोन सेंटिमीटरचा. १९८६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि ते नकला करण्याच्या सवयीवरूनच पडलं: ज्या खोऱ्यात जो दुसरा विषारी बेडूक असेल, तसे रंग. कुठे काळ्यावर पिवळ्या रेघा आणि निळसर पाय, कुठे हिरवे ठिपके, कुठे नारिंगी पट्टे. व्हॅरिॲबिलिस, समर्सी, फँटॅस्टिका या तीन जाती त्याचे नमुने. हा नकलाकार स्वतःही विषारी असतो, त्यामुळे फसवणूक कुणाचीच होत नाही, उलट एकाच इशाऱ्याचा दोघांनाही फायदा. घरात जन्मलेल्यांत मात्र विष नसतं. ते रानातल्या मुंग्या आणि कोळीवर्गातल्या बारीक किड्यांमधून येतं, चिलटं खाऊन येत नाही. घरी आलेला पाहुणा हे विचारतोच, म्हणून सांगितलं. आणि बाणाच्या टोकाला विष लावण्याची प्रथा कोलंबियातल्या एम्बेरा लोकांची, तीही फिलोबेटिस या वेगळ्या, बऱ्याच मोठ्या बेडकांपुरती. इमिटेटरचा तिच्याशी संबंध नाही.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. मादी एका वेळी एक ते तीन अंडी पानावर घालते. टॅडपोल निघाले की नर एकेकाला पाठीवर घेऊन पानांच्या बेचक्यात साठलेल्या दोन-चार चमचे पाण्यात सोडतो. एवढ्याशा पाण्यात खायला फारसं काही नसतं. मग नर त्या जागी मादीला ओरडून बोलावतो आणि ती त्या पाण्यात न फळलेली अंडी घालते. तेच टॅडपोलचं जेवण. साधारण आठवड्याला एकदा हे चालतं, महिनोन् महिने. व्हॅरिॲबिलिस दिसायला जवळजवळ तसाच, पण तो मोठं पाणी निवडतो आणि तिथे मादी अंडी भरवत नाही. जेसन ब्राउन, व्हिक्टर मोरालेस आणि काइल समर्स यांनी २०१० साली या दोघांची तुलना मांडली, आणि जनुकीय चाचणीतून एकनिष्ठ जोडीने राहणारा उभयचर म्हणून इमिटेटर जगाला माहीत झाला.

म्हणजे आईबापांनी वाढवलेल्या इमिटेटर टॅडपोलच्या अंगात जे आहे, ते जवळपास सगळं आईकडून आलेलं असतं. आधी अंड्यातला बलक आणि मग भरवलेली अंडी. कपातल्या टॅडपोलला आईकडून फक्त बलक मिळतो. बाकीचं खाणं, पाणी आणि ऊब तुमची.

एकाच जोडीची पिल्लं, दोन वाटांनी

आता चाचणी. ज्या जोडीची तक्रार आहे तिची पुढची काही अंडी कपात घ्या आणि काही टाकीतच राहू द्या. कॅमेऱ्याच्या फिल्मच्या काळ्या डब्या टाकीत तिरक्या लावलेल्या असतील तर नर टॅडपोल तिथेच आणून सोडतो आणि बघायला सोपं जातं. या काळात बाकी काहीही बदलायचं नाही. तीच पावडर, तेच पाणी. हात शिवशिवतात, पण आवरा.

टाकीतली पिल्लं धडधाकट आणि कपातली काडीपायांची निघाली, तर आई निर्दोष. कपाकडे वळा. दोन्हीकडे काडीपाय निघाले, तर आईच्या अंगात कमतरता आहे आणि पाण्याशी खेळून उपयोग नाही. कपातली बरी आणि टाकीतली वाईट, हे क्वचित दिसतं. तिथे बहुतेक वेळा मादी दमलेली असते, बलकापुरतं पुरवते आणि भरवताना कमी पडते.

घरात दुसरी जोडी असेल तर तिचीही अंडी त्याच फळीवर, त्याच पाण्यात वाढवा. दोन्ही जोड्यांची पिल्लं बिघडली तर फळी संशयित. एकाच जोडीची बिघडली तर जोडी. नव्याने अंड्यावर आलेल्या तरुण जोड्यांची पहिली काही पिल्लं अशी निघतात हे सगळ्या पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी चाचणीबिचाणी नको, थोडा धीर धरा.

हे सगळं वहीत लिहा. अंडी कधी घातली, कुठे वाढवली, पुढचे पाय कधी आले, कसे आले. लोक अंड्यांची तारीख लिहीत नाहीत, पिल्लू निघाल्याची लिहितात, आणि तिथेच हिशेब चुकतो. अंडं फुटायला दोन आठवडे, टॅडपोलचं पिल्लू व्हायला दोन ते तीन महिने. आज दिसलेले काडीपाय तीन महिन्यांपूर्वीच्या पावडरचे असू शकतात.

बिघाड आईकडे असेल तर

पहिला संशय व्हिटॅमिन ए वर. टाकीत तिचं वागणं बघा. ती चिलटावर नेम धरते, जीभ फेकते, पण चिलट चिकटत नाही, असं वारंवार होतंय का? व्हिटॅमिन ए कमी पडलं की जिभेवरचं ओलं, चिकट अस्तर कोरडं पडतं. वायोमिंग टोड या अमेरिकेतल्या दुर्मीळ भेकाच्या बंदिस्त प्रजननात पशुवैद्यांनी हा आजार नोंदवला आहे. डार्ट फ्रॉगमध्येही तो दिसतो. नेम चुकणारी मादी आणि काडीपायांची पिल्लं एकाच टाकीत असतील तर मी पुढचा तपास थांबवतो आणि उपचाराला लागतो.

पावडर निवडताना डब्यावर नुसतं 'व्हिटॅमिन ए' लिहिलंय एवढं बघून भागत नाही. कित्येक पावडरींत ते बीटा कॅरोटीनच्या रूपात असतं. बेडकांच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. घटकांच्या यादीत रेटिनिल ॲसिटेट किंवा रेटिनिल पाल्मिटेट शोधा. म्हणजे तयार व्हिटॅमिन. मी रोजच्या चिलटांना कॅल्शियम, डी-३ आणि इतर व्हिटॅमिनं असलेली पावडर लावतो, आणि महिन्यातून दोनदा तिच्याऐवजी रिपाशी कंपनीची 'व्हिटॅमिन ए प्लस'. यापेक्षा जास्त नको. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं, अंगात साठत जातं, जादा झालं तर विषासारखं वागतं आणि डी-३ च्या कामातही आडवं येतं. 'कमी पडलंय ना, मग रोज देऊ' हा विचार घातक.

बीटा कॅरोटीन ज्यांत मोडतं त्या कॅरोटीनॉइड रंगद्रव्यांना अगदीच निकामी समजू नका. स्ट्रॉबेरी डार्ट फ्रॉग, म्हणजे ऊफागा प्युमिलियो, हीसुद्धा पिल्लांना अंडी भरवणारी जात. तिच्या आहारात कॅरोटीनॉइड वाढवल्यावर बंदिस्त जोड्यांचं प्रजननातलं यश वाढल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. चिलटांच्या खाद्यात गोड पॅप्रिका पावडर किंवा स्पिरुलिना (शेवाळासारखी हिरवी पूड) मिसळली की हे काम होतं. पण तो पूरक भाग झाला, तयार व्हिटॅमिन ए ला पर्याय नव्हे.

आता पावडरीची गत. डबा उघडल्यावर सहा महिने, त्यापुढे तो कचऱ्यात. महाग असतो, जिवावर येतं, मान्य. पण ओल, ऊब आणि उजेड या तिन्हींनी त्यातली व्हिटॅमिनं मरतात, आणि लोक डबा ठेवतात कुठे? टाकीच्या वर, दिव्याशेजारी, दिवसभर फवारणी चालते त्या खोलीत. छोटा डबा घ्या, उघडल्याची तारीख त्यावर मार्करने लिहा, आणि कोरड्या, थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा.

ताज्या पावडरीचाही निम्मा भाग वाया जातो तो चिलटांमुळे. पावडरीत घोळलेली चिलटं टाकीत पडल्या पडल्या अंग साफ करायला लागतात. काही मिनिटांत ती स्वच्छ. बेडूक तेव्हा पानामागे बसलेला असेल तर त्याच्या पोटात नुसतं चिलट जातं, आणि चिलटात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त. म्हणून सकाळी दिवे लागून फवारणी झाली, नर ओरडायला लागला, दोघं बाहेर दिसले की मग थोडी चिलटं टाका. दहा मिनिटांत संपतील एवढीच. टाकीत केळ्याचा तुकडा ठेवून चिलटं जगवायची पद्धत फार लोकप्रिय आहे आणि मला ती अजिबात आवडत नाही. बेडूक दिवसभर त्या केळ्यापाशी बसून बिनपावडरीची चिलटं गिळत राहतो आणि पावडरीच्या वेळी त्याचं पोट भरलेलं असतं.

आणि मादीची विश्रांती. टाकीत बारा महिने पाऊस, बारा महिने खाणं, त्यात आपण अंडी उचलून घेतो, म्हणजे जोडी पुन्हा घालायला मोकळी. फळलेली अंडी वेगळी, टाकीतल्या प्रत्येक टॅडपोलला भरवायची वेगळी. एवढी अंडी बनवायला लागणारं सगळं एका अर्ध्या बोटाएवढ्या प्राण्याच्या अंगातून जातं. काडीपायांची रांग लागलेल्या जोडीला मी दोन-तीन महिने सुट्टी देतो. टाकीत असलेले टॅडपोल निघेपर्यंत थांबायचं, मग फिल्मच्या डब्या काढायच्या, जोरदार फवारणी कमी करायची, नुसती ओल टिकवायची. हवा सुकू द्यायची नाही. खाणं आणि पावडर चालू. तरीही अंडी घातलीच तर नर वेगळा काढावा लागतो.

बिघाड कपात असेल तर

सगळ्यात आधी तापमान, कारण तपासायला एक मिनिट लागतं. खोलीचं नाही, पाण्याचं. कपांची फळी बहुधा टाकीच्या झाकणावर किंवा दिव्यांच्या वर असते, आणि खोलीत २२ अंश असताना कपात २७-२८ निघतात. उबेत टॅडपोल भरभर वाढतात, बघून बरं वाटतं, पण पिल्लू लहान आणि अशक्त बाहेर येतं. कप २१ ते २४ अंशांत ठेवा. 'फक्त उन्हाळ्यात होतं' किंवा 'हीटर लागला की होतं' अशी तक्रार असेल तर पुढे वाचण्याआधी थर्मामीटर बुडवा.

मग पाणी. टाकीत फवारायला आपण आरओचं पाणी वापरतो, काचेवर पांढरे डाग नकोत म्हणून. तेच पाणी सोयीसाठी कपात जातं. त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप) पाच-दहा, म्हणजे कॅल्शियम जवळजवळ नाहीच. इथे कुणीतरी म्हणेल की रानातलं पानांच्या बेचक्यातलं पाणीही पावसाचंच, तेवढंच मऊ, तिथे कसे पाय येतात? येतात, कारण तिथे दर आठवड्याला आईचं अंडं पडतं. कपात ते पडत नाही. कपातल्या पिल्लाला आईने पुरवायचं ते तुम्हाला पुरवावं लागतं.

पनामात गाम्बोआ इथे स्मिथसोनियनच्या बेडूक संवर्धन केंद्रात हार्लेक्विन बेडकांच्या पिल्लांना हाच त्रास होता. त्यांच्यावरच्या २०२० सालच्या अभ्यासात काडीपायांचा संबंध पाण्यातल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या प्रमाणाशी जोडला गेला. ते बेडूक वेगळ्या कुळातले, वाहत्या ओढ्यात वाढणारे, त्यामुळे तिथलं पाणी जसंच्या तसं उचलू नका. पण कॅल्शियम आहे का आणि फॉस्फेट जास्त झालंय का, हे दोन प्रश्न प्रत्येकाने आपल्या कपाला विचारावेत.

टीडीएस मीटरवर हे कळत नाही. तो सगळे क्षार एकत्र मोजतो. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळणारी थेंबांची जीएच (पाण्याचा जडपणा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायची किट आणि फॉस्फेटची किट घ्या. मी आरओचं आणि नळाचं पाणी मिसळून जीएच तीन ते सहा अंशांच्या दरम्यान आणतो. इथे नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे हे सोपं जातं. अमेरिकेतल्या वाचकांनी पाणी रात्रभर उघडं ठेवून भागेल असं समजू नये. तिथे बऱ्याच शहरांत क्लोरामाइन असतं, ते उडून जात नाही, त्यासाठी माशांच्या टाकीचं पाणी-शुद्धीकरण द्रावण लागतंच. शिवाय नळ गंजू नयेत म्हणून काही ठिकाणी पाण्यात फॉस्फेट घालतात. तांब्याच्या जुन्या नळातून रात्रभर साचलेलं पाणी टॅडपोलला विषच. सकाळचं पहिलं पाणी वाहून जाऊ द्या. नळाचं पाणी भरवशाचं नसेल तर आरओच्या पाण्यात मत्स्यपालनासाठी मिळणारे क्षार मोजून मिसळा. समुद्रफेणाचा तुकडाही लोक टाकतात. चालतो, पण तो किती विरघळेल ते पाण्याच्या आंबटपणावर ठरतं, मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

फॉस्फेट वाढायचं घरगुती कारण म्हणजे उरलेलं खाणं. माशांची पूड चिमटीने टाकताना चिमूट मोठी होते. तळाशी थर बसला, पाणी गढूळ झालं, की समजावं. दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच टाका, उरलेलं ड्रॉपरने उचला, थोडं थोडं पाणी बदला. खाणं एकाच प्रकारचं नको. नुसत्या स्पिरुलिनावर वाढवलेले टॅडपोल हिरवे, टुणटुणीत दिसतात, पण त्यांना प्राणिज अंशही हवा. इमिटेटरचं नैसर्गिक बाळखाणं शेवटी अंडंच आहे. चांगल्या प्रतीची माशांची पूड, वाळवलेल्या रक्तअळ्या, स्पिरुलिना आणि क्लोरेला असं आलटून पालटून द्या.

बी-व्हिटॅमिनच्या थेंबांबद्दल विचारलं जातं. जुने पाळणारे शपथेवर सांगतात. मी वापरत नाही, कारण ते घातलेल्या प्रत्येक कपात त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी बदललेल्या असतात.

बदामाच्या पानांचंही तसंच. पाण्याला तांबूस रंग येतो, बुरशी कमी धरते, टॅडपोल पान कुरतडतात, सगळं ठीक. पाय त्याने सुधारत नाहीत. गंमत एवढीच की इथे दहा पानांच्या पाकिटाला जे पैसे पडतात, त्यात कोकणातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणातली वर्षभराची झाडलोट विकत यावी. तेच ते लाल होऊन गळणारं देशी बदामाचं पान.

वर्षानुवर्षं ठीक होतं आणि अचानक सुरू झालं

ही तक्रार वेगळी, आणि खरं तर सोपी. कुठेतरी काहीतरी बदललेलं असतं आणि ते तुम्हाला 'बदल' वाटलेलं नसतं. आरओचा पडदा नुकताच नवा टाकला का? जुना पडदा झिजून थोडे क्षार सोडत होता, त्यावरच टॅडपोल चालले होते. नव्याने पाणी एकदम कोरं केलं. पावडरीचा मोठा डबा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला का? त्याचा तळ गाठेपर्यंत वर्ष जातं. जुने दिवे काढून एलईडी लावले आणि कपांची फळी हलवली का? चिलटांचं खाद्य बदललं का? कुणी दुसऱ्याने सुट्टीत बेडकांना खायला घातलं का? तो माणूस पावडर लावतो असं म्हणाला असेल, पण डब्याची पातळी बघा.

अशी पिल्लं निघाली तर

ती सुधारत नाहीत. पाय नंतर भरत नाहीत. एक पाय थोडा अधू आणि दुसरा चांगला असलेलं पिल्लू स्प्रिंगटेलने गजबजलेल्या छोट्या डब्यात कधी कधी जगतं. दोन्ही पाय गेलेलं उपाशी मरतं. उभयचर बघणारा पशुवैद्य असेल तर त्याच्याकडे न्या, तो भूल देऊन शांतपणे संपवतो. जिवंत पिल्लू फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला जुन्या लिखाणात सापडतो. तो मानू नका, त्यात यातना होऊ शकतात. चाचणीनंतरही कारण लागत नसेल तर असंच एखादं पिल्लू ताजं असताना पशुवैद्याच्या हवाली करून ऊतींची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

पुण्या-मुंबईतून 'हे बेडूक तिकडून आणता येतील का' अशी विचारणा होते. इमिटेटर १९८७ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. युरोपातही जन्माचा कागद लागतो. कागदाशिवाय मिळणारा बेडूक रानातून चोरलेला असू शकतो. बेडकांचा नाद असेल तर जुलैत आंबोलीला जाऊन रात्री टॉर्च घेऊन फिरा. तिथल्या रावऑर्केस्टिस झुडूपबेडकांत टॅडपोलची भानगडच नाही, अंड्यातून थेट पाय असलेलं पिल्लू निघतं. बघा, उचलू नका.

सुधारणा कधी धरायची

समजा कारण सापडलं आणि बदल केला. त्या दिवशी टाकीत आणि कपांत असलेली अंडी, टॅडपोल, पिल्लं यांपैकी कशावरूनही निष्कर्ष काढू नका. कपातला बिघाड असेल तर बदलानंतर कपात गेलेल्या अंड्यांपासून मोजायला सुरुवात. आईतला बिघाड असेल तर आणखी उशीर, कारण तिच्या पोटात तयार होत असलेली अंडी जुन्या साठ्यावरची असतात. तिला नवी पावडर आणि विश्रांती मिळून किमान दोन महिने गेल्यावर घातलेली अंडी खरी. त्यांची पिल्लं निघायला पुढचे तीन महिने. अर्धं वर्ष धरा. मधल्या काळात निघालेल्या काडीपायांमुळे घाबरून दुसरा बदल केलात तर वही पुन्हा कोऱ्या पानावर.

सहा महिन्यांनंतरही त्याच जोडीची पिल्लं दोन्ही वाटांनी वाईट निघत असतील आणि शेजारच्या जोडीची चांगली, तर त्या जोडीची अंडी वाढवणं थांबवा. दोघांना राहू द्या, खाऊ द्या, ओरडू द्या. पिल्लांसाठी दुसरी जोडी बघा.